सागरी हवामान अंदाज (कोकण किनारा)

किनाऱ्यालगत वावरणाऱ्या मासेमारी नौका, प्रवासी लाँच व छोटी मालवाहू गलबते यांना वारा, लाटा, दृश्यमानता आणि वादळ यांविषयी आगाऊ दिली जाणारी शासकीय माहिती. भारतात वारा व वादळाचा अंदाज भारतीय हवामानशास्त्र विभाग (स्थापना १८७५) देतो, तर लाटा, प्रवाह व समुद्राच्या स्थितीचा अंदाज हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र (स्थापना १९९९, संक्षेपाने ‘इन्कॉइस’) तयार करते. महाराष्ट्र किनाऱ्यासाठी हवामान विभागाच्या सूचना मुंबईतील कुलाबा येथून निघतात. तेथील वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झालेली, म्हणजे खुद्द विभागाहून जवळजवळ अर्ध्या शतकाने जुनी आहे.

कोलकात्यात १८६४ साली झालेल्या चक्रीवादळाच्या संहारानंतर पुढच्याच वर्षी त्या बंदरासाठी वादळसूचना सुरू झाली आणि पुढे ही पद्धत इतर बंदरांत पसरली. दिवसा शंकू व नळकांडी यांच्या आकृत्या आणि रात्री लाल-पांढरे दिवे उंच खांबावर चढवून १ ते ११ क्रमांकांचे इशारे दिले जातात. किनाऱ्यावरील बोलीत यालाच ‘बावटा लावणे’ म्हणतात. पहिला क्रमांक दूर समुद्रात वादळाची शक्यता दाखवतो, तिसरा खुद्द बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका सांगतो, आठ ते दहा हे महासंकटाचे इशारे असून अकरावा हवामान कार्यालयाशी संपर्क तुटल्याचे कळवतो. खांबावरचा इशारा बंदरात उभ्या असलेल्या तांडेलालाच (नौकेच्या प्रमुखालाच) दिसतो, समुद्रात गेलेल्याला नाही. ही उणीव या पद्धतीत पहिल्यापासून राहिली.

हवामान विभागाचे किनारी निवेदन किनाऱ्यापासून ७५ किमी पर्यंतच्या पट्ट्यासाठी असते आणि त्यापलीकडच्या समुद्रासाठी वेगळे निवेदन निघते. ताशी ४५ ते ५५ किमी वेगाने आणि मधूनच ६५ किमी पर्यंत वाढणाऱ्या वाऱ्याची शक्यता दिसली की मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये असा इशारा दिला जातो. जहाजांसाठीच्या निवेदनात वेग नॉट या एककात येतो (१ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किमी). लाटा २.५ ते ४ मी. असल्यास समुद्र ‘खवळलेला’ आणि ४ ते ६ मी. असल्यास ‘अति खवळलेला’ समजला जातो.

या आकड्यांचा अर्थ लावताना हमखास एक गफलत होते. अंदाजात दिलेली उंची ही एका लाटेची नसून सर्वांत उंच अशा एकतृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळे अडीच मीटरच्या अंदाजात एखादी लाट जवळजवळ दुप्पट उंचीची येऊ शकते. शिवाय छोट्या नौकेला उंचीपेक्षा लाटेचा चढ अधिक घातक ठरतो. दक्षिण हिंदी महासागरातील वादळांनी उठलेल्या लांब, सपाट लाटा (स्वेल) हजारो किमी प्रवास करून येतात आणि खोल पाण्यात नौकेला केवळ वरखाली करतात, परंतु त्याच लाटा खाडीच्या तोंडावरील उथळ वाळूवर पोचताच उभ्या राहून फुटतात. ओहोटीचे पाणी खाडीतून बाहेर धावत असताना समोरून वारा आला, तर हा चढ आणखी वाढतो आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरात असल्याने धोका सर्वाधिक असतो. म्हणून भरतीचे वेळापत्रक आणि लाटांचा अंदाज एकत्र वाचणे आवश्यक आहे. मुंबईपासून दक्षिणेकडे भरती-ओहोटीतील फरक कमी होत जातो, तेव्हा मुंबईचे आकडे मालवणला लावून चालत नाही. अरुंद नौका कलंडण्याची शक्यता लक्षात घेऊन इन्कॉइसने २०२० मध्ये सात मीटरपर्यंत रुंदीच्या नौकांसाठी स्वतंत्र इशारासेवा सुरू केली. तिच्यात लाटांची उंची, चढ, दिशांचा विस्तार आणि वाऱ्याची अचानक वाढ यांवरून धोक्याचा निर्देशांक काढला जातो.

कोकणच्या समुद्राचे वर्ष दोन भागांचे असते. हिवाळ्यात व उन्हाळ्यात पहाटेचा मतलई वारा आणि दुपारनंतरचा खारा वारा यांच्या आलटून-पालटून येण्यावर नौकांचे वेळापत्रक चालते. नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की हा क्रम मोडतो. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते आणि गेटवे–मांडवा लाँचही पावसाळ्यात थांबतात. याच मोसमात मुंबईतील भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी वादळी लाटांत काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक प्रवासी बुडाले.

चक्रीवादळांचे धोक्याचे काळ मोसमी पावसाच्या दोन्ही टोकांना, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. ‘फयान’ ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग व मुंबईदरम्यान किनाऱ्यावर आले तेव्हा अनेक नौका भर समुद्रात होत्या आणि कोकणातील मच्छीमार बेपत्ता झाले. ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगर भागात धडकले. त्या वर्षी मासेमारीबंदीची सुरुवात १५ जूनपर्यंत पुढे ढकललेली असल्याने नौकांना परत बोलवावे लागले. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले. त्याची सूचना कित्येक दिवस आधी दिली गेली होती, तरीही मुंबई हाय या समुद्रातील तेलक्षेत्राजवळ ‘पी-३०५’ हा तराफा बुडून सत्तरहून अधिक कामगार मरण पावले. अंदाज चुकल्यामुळे झालेल्या हानीपेक्षा तो न पोचल्यामुळे किंवा न मानल्यामुळे झालेली हानी मोठी आहे, असाच या घटनांचा निष्कर्ष निघतो.

मोबाईलची कक्षा किनाऱ्यापासून साधारण दहा-बारा किमी वरच संपते आणि ट्रॉलर त्याहून कितीतरी पुढे जातात. ही दरी भरण्यासाठी २०१९ मध्ये ‘जेमिनी’ हे उपग्रहाद्वारे संदेश घेणारे उपकरण आले, पण त्यावरून उलट संदेश पाठवता येत नव्हता. दोन्ही बाजूंनी संदेश देणारे, इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर सुमारे एक लाख नौकांवर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला.