१०:५२ ला बंद झालेला कॉम्प्युटर



मनुरेवाला घरचं गराज आवरताना (इथे गराजमध्ये गाडी सोडून बाकी सगळं असतं, हे तुम्हाला सांगायला नको) विंडोज ९८ ची सीडी सापडली. बायको म्हणाली, टाकून दे. मी टाकायच्या ऐवजी बाहेरचा सीडी ड्राइव्ह जोडून ती नव्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवायला बसलो. चालेना! आजच्या प्रोसेसरचा वेग ९८ ला झेपत नाही, सुरू होतानाच 'प्रोटेक्शन एरर' देऊन मान टाकतं. मेमरी ५१२ एमबीच्या वर दिली की रडगाणं वेगळंच. दोन संध्याकाळी त्यात गेल्या, पण त्या खटपटीत इथलीच एक जुनी केस आठवली.

ऑगस्ट २००० मध्ये पामर्स्टन नॉर्थला क्रिस्टीन लंडी आणि तिची सात वर्षांची मुलगी अँबर यांचा घरात खून झाला. नवरा मार्क लंडी त्या रात्री कामानिमित्त पेटोनला होता, म्हणजे साधारण दीडशे किलोमीटर दूर. पोलिसांचं म्हणणं असं की साडेपाच ते साडेआठच्या मधे त्याने गाडी मारत येऊन सातच्या सुमारास खून केले आणि तो परत गेला. अडचण एकच होती. घरातला कॉम्प्युटर रात्री १०:५२ ला बंद झाल्याची नोंद होती. सात वाजता गेलेलं माणूस १०:५२ ला कॉम्प्युटर कसा बंद करेल? सरकारी बाजूने उत्तर दिलं की लंडीने घड्याळात फेरफार केला. पोलिसांच्या तज्ज्ञाने त्यासाठी रजिस्ट्रीतल्या नोंदींच्या विस्कटलेल्या क्रमाकडे बोट दाखवलं. २००२ मध्ये ज्युरीने लंडीला दोषी ठरवलं.

आता जरा तांत्रिक बोलतो, कंटाळू नका. एनटी घराण्यातल्या विंडोजमध्ये (म्हणजे २०००, एक्सपी आणि पुढचे सगळे) रजिस्ट्रीतल्या प्रत्येक 'की'वर शेवटच्या बदलाची वेळ असते. ९८ मध्ये ती नसतेच. शिवाय ९८ ची डिस्क फॅट पद्धतीची. तिथे फाइल शेवटची कधी उघडली याची फक्त तारीख राहते, तास-मिनिटं नाहीत. जी वेळ राहते ती स्थानिक, म्हणजे त्या मशीनचं घड्याळ जे सांगेल ती. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीतून घड्याळ फिरवलं की नाही हे काढायचं, म्हणजे राखेवरून कुठलं लाकूड जळलं ते सांगण्यासारखं.

मग तपासायचं कसं? डिस्कची हुबेहूब प्रत काढायची, हॅश जुळवायचा आणि ती प्रत व्हर्च्युअल मशीनमध्ये चालू करून प्रयोग करायचे. व्हीएमवेअर १९९९ मध्ये आलं, पण डिस्कच्या प्रतीवरून सरळ मशीन उभं करून देणारं 'लाइव्ह व्ह्यू' कार्नेगी मेलनच्या सर्ट गटाने २००६ मध्ये दिलं. त्यात बदल वेगळ्या फाइलमध्ये जातात, मूळ प्रत सोवळ्यात राहते. हे फार महत्त्वाचं, कारण विंडोज नुसतं सुरू केलं तरी ते स्वतःच ढीगभर फाइलींना हात लावतं. पण एक मेख आहे. व्हर्च्युअल मशीन आपलं घड्याळ बाहेरच्या मशीनकडून घेतं. माझं ९८ अखेर चाललं तेव्हा खाली कोपऱ्यात आजची वेळ होती. ज्या केसमध्ये वादच घड्याळाचा, तिथे ही गोष्ट विसरून चालेल का?

दुसरीकडे तपासाची हत्यारंही म्हातारी होत होती. एनकेस १९९८ चं. तेव्हाची अशी सॉफ्टवेअर्स डाँगल लावल्याशिवाय चालत नसत, आणि डाँगलला ड्रायव्हर लागतो. २००७ च्या ६४ बिटी व्हिस्टापासून सही नसलेला ड्रायव्हर घेणं बंद झालं आणि जुन्या आवृत्त्या नव्या मशीनवर मुक्या झाल्या. विंडोज ७ मधल्या 'एक्सपी मोड'ने काही वर्षं निभावलं, पण २०१४ मध्ये एक्सपीचा आधारच संपला. तेव्हा जुना निष्कर्ष पुन्हा तपासायचा तर पुराव्याचं मशीनही जुनं हवं आणि टूलही जुनं हवं. आजची बरीच टूल्स एनटीचीच रजिस्ट्री वाचतात.

लंडीचं पुढे काय झालं? बचाव पक्षाच्या तज्ज्ञांनी सांगितलं की रजिस्ट्रीतल्या गोंधळाला दुसरी, साधी कारणं असू शकतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने शिक्षा रद्द केली. तिथे वैद्यकीय पुराव्याचा वादही मोठा होता. २०१५ च्या फेरखटल्यात सरकारने सातची वेळ सोडली, खून मध्यरात्रीनंतर झाले असं मांडलं आणि घड्याळाचा मुद्दा बाजूला पडला. ज्युरीने त्याला पुन्हा दोषी ठरवलं, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने अपील फेटाळलं, २०२५ मध्ये तो पॅरोलवर सुटला. तो निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण जो दावा सरकारनेच नंतर सोडून दिला, तो पहिल्या ज्युरीसमोर पुरावा म्हणून उभा होता, आणि त्या निकालावर माणूस अकरा वर्षं आत होता.

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर आपल्या पुण्याकडे या. एल्गार परिषद प्रकरणात पुणे पोलिसांनी १७ एप्रिल २०१८ ला रोना विल्सन यांचा लॅपटॉप दिल्लीत जप्त केला. (राजकारणावर मला भांडायचं नाही, कॉम्प्युटरपुरतंच बोलतो.) कोर्टाकडून बचाव पक्षाला डिस्कची प्रत मिळाली आणि ती अमेरिकेत आर्सेनल कन्सल्टिंगकडे गेली. डिस्कची प्रत विंडोजला खरी डिस्क म्हणून जोडून व्हर्च्युअल मशीनमध्ये सुरू करणारं टूल हीच मंडळी बनवतात. त्यांचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आला. १३ जून २०१६ ला आलेल्या एका ईमेलमधून नेटवायर नावाचं मालवेअर शिरलं, जवळजवळ २२ महिने लॅपटॉप दुसऱ्याच्या ताब्यात होता आणि आक्षेपार्ह पत्रं बाहेरून ठेवली गेली, असं त्यात म्हटलंय. मला त्यातला सगळ्यात बोलका तपशील हा वाटला: काही पत्रांच्या पीडीएफ वर्ड २०१० किंवा २०१३ मधून बनलेल्या, आणि लॅपटॉपवर होतं वर्ड २००७!

एनआयएला हा अहवाल मान्य नाही. त्याची छाननी साक्षी-उलटतपासणीतच होऊ शकते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रावर हॅश लिहावा लागतो, हे चांगलंच झालं. पण हॅश एवढंच सांगतो की प्रत मुळाबरहुकूम आहे. मुळात ते पत्र कोणी ठेवलं, हे तो सांगत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने विल्सन यांना जामीन दिला, तो दीर्घ काळ कोठडीत गेला म्हणून. तेव्हा साडेसहा वर्षं उलटून गेली होती आणि आरोपनिश्चितीही झालेली नव्हती.