डॉ. आनंदीबाई जोशी यांचा प्रबंध व तत्संबंधीं कांहीं कागद

जुनीं छायाचित्रें व हस्तलिखितें जमविण्याचा नाद असलेल्या आमच्या एका स्नेह्यांनीं मागें एका छायाचित्राची प्रत आमच्यापुढें ठेवून विचारलें कीं, "हें सेरॅनिसोर गांव हिंदुस्थानांत कोठें आलें?" छायाचित्र सुप्रसिद्ध आहे. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांतील तीन परदेशीय विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखांत शेजारीं शेजारीं बसल्या आहेत. एक आनंदीबाई जोशी, दुसऱ्या जपानच्या केई ओकामी व तिसऱ्या सिरियांतील दमास्कसच्या सबात इस्लांबूली. तारीख १० ऑक्टोबर १८८५. खालच्या ओळींत आनंदीबाईंच्या नांवापुढें 'सेरॅनिसोर, इंडिया' असें छापलें आहे.

ह्या नांवाचें गांव नाहीं. गोपाळराव जोशी टपालखात्याच्या नोकरीनिमित्त बंगाल्यांत श्रीरामपूर येथें असतां आनंदीबाई तेथून अमेरिकेस निघाल्या. श्रीरामपूरचें इंग्रजी रूप सेरामपोर. इंग्रजी धांवत्या अक्षरांतील 'एम्' हें 'एन्' व 'आय्' अशा दोन अक्षरांसारखें दिसतें, आणि 'पी' ची गांठ नीट बसली नाहीं म्हणजे तेथें 'एस्' वाचला जातो. एवढी फोड केली कीं सेरामपोरचें सेरॅनिसोर कसें झालें तें उघड होतें. मोडी कागद वाचणारांना असल्या चुका रोजच्याच आहेत. ह्या ओळींत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. तीत तिघींनाहि 'डॉक्टर' म्हटलें आहे. परंतु आनंदीबाईंस पदवी मिळाली ११ मार्च १८८६ रोजीं, ओकामींस १८८९ सालीं व इस्लांबूलींस १८९० सालीं. तेव्हां चित्र १८८५ चें असलें तरी ओळ १८९० च्या पूर्वीची असूं शकत नाहीं. ती छापली गेली त्या वेळीं आनंदीबाईंना जाऊन निदान तीन वर्षें होत आलीं होतीं, आणि आपलें गांव कोणतें हें सांगावयास त्या नव्हत्या.

एवढ्या क्षुल्लक गोष्टीचा विस्तार करण्याचें कारण असें कीं, आनंदीबाईंविषयींची आपली पुष्कळशी माहिती अशीच दुसऱ्या हातून आलेली आहे. छापील साधनांपैकीं काळानें अत्यंत जवळचें म्हणजे पंडिता रमाबाईंच्या १८८७ च्या इंग्रजी पुस्तकास कॉलेजच्या डीन रेचल बॉडले यांनीं लिहिलेली प्रस्तावना. त्यानंतर १८८८ सालीं कॅरोलाइन हीली डॉल या अमेरिकन बाईंनीं चरित्र लिहिलें. मराठींत काशीबाई कानिटकरांचें चरित्र आलें. श्री. ज. जोशी यांची १९६८ ची कादंबरी आज सर्वांच्या तोंडीं आहे; ती कादंबरी म्हणूनच लिहिली गेली, तिला साधन समजणें हा वाचकांचा दोष, लेखकाचा नव्हे. अलीकडे मीरा कोसंबी यांनीं बाईंचीं पत्रें चिकित्सेनें मांडून मोठें काम केलें आहे. गोपाळरावांचा विक्षिप्त स्वभाव, दहा दिवसांचें मूल गेल्याचें दुःख, फिलाडेल्फियाची थंडी व क्षय यांविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे कीं त्यांत आम्हीं भर घालण्याचें प्रयोजन नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. त्या परदेशीं कां गेल्या, आणि जातांना काय घेऊन गेल्या?

पहिल्या प्रश्नाचें चालू उत्तर असें कीं, हिंदुस्थानांत त्या वेळीं स्त्रियांस वैद्यक शिकण्याची सोयच नव्हती. हें अर्धेंच खरें आहे. मद्रासच्या मेडिकल कॉलेजांत १८७५ पासून स्त्रियांस प्रवेश होता. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज व कलकत्त्याचें कॉलेज हीं स्त्रियांस खुलीं झालीं तीं १८८३ सालीं. आणि आनंदीबाईंचें जहाज कलकत्त्याहून सुटलें तें ७ एप्रिल १८८३ रोजीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत एडिथ पीची या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस येऊन पोंचल्या. म्हणजे विलायतेहून स्त्रीवैद्य मुंबईस येत होती व महाराष्ट्रांतील विद्यार्थिनी अमेरिकेंत पहिल्या सत्राच्या अभ्यासांत होती, असा हा काळ आहे.

बाईंनीं स्वतः दिलेलें उत्तर आपल्यापाशीं आहे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूरच्या कॉलेजांत 'मी अमेरिकेस कां जातें' या विषयावर त्यांनीं इंग्रजींत व्याख्यान दिलें. मद्रासचें कॉलेज त्यांना ठाऊक होतें, तें त्यांनीं लपविलें नाहीं. इतरत्र सुइणींचे वर्ग आहेत, पण तेथील शिक्षण अपुरें, आणि शिकविणारे पुरुष जुन्या वळणाचे व थोडेसे मत्सरी, असें त्यांचें म्हणणें. पण ह्याहून जड कारण त्यांनीं पुढें सांगितलें. ख्रिस्ती अगर ब्राह्म नसलेल्या हिंदू बाईला ह्या देशांत एकटीनें राहून शिकणें अशक्य होतें. मुंबईंत व कलकत्त्यांत रस्त्यानें चालतांना आपल्याला काय काय सोसावें लागलें, याचे प्रसंग त्यांनीं भर सभेंत सांगितले. वर्गाचें दार उघडें असेल, पण दारापर्यंतची वाट बंद आहे, असा तो युक्तिवाद होता. आपण हिंदू म्हणून जाऊं व हिंदू म्हणूनच परत येऊं, असेंहि त्यांनीं तेथेंच सांगून टाकलें. अठरा वर्षें पुरीं होण्यास महिनाभर अवकाश असलेल्या मुलीचें हें भाषण आहे. तें गोपाळरावांनीं लिहून दिलें असावें अशी कुजबुज आम्हीं ऐकली आहे; परंतु रस्त्यावरील टवाळीचे प्रसंग पुरुषाच्या लेखणींतून तसे उतरले असते असें आम्हांस वाटत नाहीं.

दुसरा कागद २८ जून १८८३ चा. न्यूयॉर्कास उतरून पुरता महिना झाला नव्हता. कॉलेजच्या आल्फ्रेड जोन्स यांस प्रवेशासाठीं लिहिलेलें हें पत्र आहे. प्रवेशास लागणारी तयारी आपली सर्वस्वीं पुरी नाहीं, हें त्यांत मोकळेपणानें मान्य केलें आहे. पुरुष डॉक्टरचा हात लागूं देण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींस खरी वैद्यकीय मदत द्यावयाची आहे, हें एकच कारण पुढें केलें आहे. प्रवेश मिळाला.

येथें एका घोटाळ्याचा उल्लेख केला पाहिजे. आज आपल्याकडे एम्. डी. म्हटलें कीं एम्. बी. बी. एस्. नंतरची वरची पदवी असें कोणीहि समजतो, आणि त्यामुळें आनंदीबाई उच्च अभ्यासासाठीं गेल्या असें लिहिलेलें कधीं कधीं दृष्टीस पडतें. अमेरिकेंत एम्. डी. ही वैद्यकाची पहिलीच पदवी होती व आजहि आहे. आधीं येथें पदवी घेऊन मग परदेशीं गेलेल्या बाईचें उदाहरण हवें असेल तर तें बंगालच्या कादंबिनी गांगुलींचें. त्या कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतून १८८६ सालीं उत्तीर्ण झाल्या व १८९३ सालीं स्कॉटलंडांतील तीन परवाने घेऊन परतल्या. मुंबईच्या रखमाबाई १८८९ सालीं लंडनास गेल्या त्याहि वैद्यकाच्या आरंभापासूनच शिकावयास गेल्या होत्या.

आतां प्रबंधाकडे वळूं. पदवीसाठीं आनंदीबाईंनीं लिहिलेला प्रबंध हस्तलिखित रूपानें फिलाडेल्फियांतच आहे. त्या कॉलेजचें दप्तर आतां तेथील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या ताब्यांत आहे. विषय, 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र'. शीर्षकांतील 'आर्य' हा शब्द त्या दशकाचा आहे, त्यावर रागावण्याचें कारण नाहीं. महत्त्व आहे तें निवडीला. तीन वर्षें अमेरिकन शिक्षकांपाशीं शिकून शेवटीं लिहावयाचें त्यांत बाईंनीं अमेरिकन पाठ्यग्रंथांबरोबर आयुर्वेदाचे ग्रंथ पुढें ठेविले. पदवीच्या लोभानें विषय निवडावयाचा असता तर सोपे विषय पुष्कळ होते. परदेशीं गेलेली विद्यार्थिनी तेथून काय आणते एवढेंच आपण पाहतों. ती काय घेऊन गेली होती, हें ह्या कागदावरून कळतें.

परंतु कौतुकावर थांबणें हें संशोधकाचें काम नव्हे. हा प्रबंध मूळ ग्रंथांशीं ओळीनें ताडून पाहिला पाहिजे, आणि तें काम फारसें अवघड नाहीं. सुश्रुतांत हा विषय मुख्यतः तीन ठिकाणीं येतो: निदानस्थानाच्या आठव्या अध्यायांत मूढगर्भाचें निदान, शारीरस्थानाच्या दहाव्यांत गर्भिणीची व्यवस्था, आणि चिकित्सास्थानाच्या पंधराव्यांत मूढगर्भाची चिकित्सा. चरकांत शारीरस्थानाचा आठवा अध्याय, व वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत शारीरस्थानाचे पहिले दोन. छापील प्रतींचा विचार केला तर मधुसूदन गुप्त यांनीं शोधलेला सुश्रुत कलकत्त्यास १८३५-३६ सालीं निघाला. हेसलरचें लॅटिन भाषांतर १८४४ ते १८५० च्या दरम्यानचें. आणि आपल्या अण्णा मोरेश्वर कुंट्यांनीं संपादिलेलें अष्टांगहृदय १८८० चें. ह्याखेरीज थॉमस वाइज याचा हिंदु वैद्यकावरील इंग्रजी ग्रंथ १८४५ सालींच कलकत्त्यास प्रसिद्ध झाला होता, आणि इंग्रजींत लिहिणाऱ्या कोणासहि तोच सर्वांत हातवगा. तेव्हां कसोटी अशी ठेवावी. प्रबंधांतील जो तपशील वाइजमध्यें सांपडतो तो तेथून घेतला असण्याचा संभव धरावा. जो वाइजमध्यें नाहीं पण मूळ श्लोकांत आहे, तेवढ्यापुरतें संस्कृत ग्रंथाशीं साक्षात् नातें मानावें. संस्कृत नांवें इंग्रजी अक्षरांत कशीं लिहिलीं आहेत तेंहि पाहावें. सेरॅनिसोरप्रमाणें येथेंहि एखादें वांकडें अक्षर त्याचा उगम सांगून जाईल. निकाल काय लागेल याची आम्हांस धास्ती नाहीं. वाइजवरून घेतलें असें ठरलें तरी प्रबंधाचें मोल उणें होत नाहीं; मूळावरून घेतलें असें ठरलें तर मात्र आनंदीबाईंचें चरित्र एका प्रकरणानें वाढवावें लागेल.

कोल्हापुरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. १८८६ च्या अखेरीस त्या परत आल्या त्या अंथरुणास खिळण्यासाठींच, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. बावीस वर्षें पुरीं होण्यास महिना उरला होता. अस्थि समुद्रापार थिओडिशिया कार्पेंटर यांजकडे पाठविण्यांत आल्या व न्यूयॉर्क प्रांतांतील पोकीप्सी येथें त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेवल्या गेल्या. प्रबंध फिलाडेल्फियांत व अस्थि पोकीप्सीस, अशी ही वांटणी झाली आहे.

कोल्हापूर दरबाराच्या दप्तरांत १८८६ च्या नेमणुकीसंबंधीं शोध घेण्यासारखा आहे. तसेंच मंडळाच्या सभासदांपैकीं कोणाच्या रुमालांत १८८३ ते १८८६ या सालांतील फिलाडेल्फिया किंवा रोझेल, न्यू जर्सी, येथील टपालाचा शिक्का असलेलें पत्र निघाल्यास त्यांनीं नक्कल करून पाठवावी. सही जोशी अशीच असेल असें धरून चालूं नये. इंग्रजींत 'जोशी' च्या शेवटीं दोनदां 'ई' लिहिण्याचा परिपाठ होता, आणि पहिलें नांव कोठें आनंदीबाई तर कोठें आनंदाबाई असें येतें. लग्नापूर्वींच्या कागदांत यमुना हें नांव पाहावें.