कोकऱ्याचे मूळ मुख

जानेवारी २०२० मध्ये बेल्जियममधील गेंट शहराच्या संत बाव्हो कॅथेड्रलमध्ये एक जुने वेदीचित्र डागडुजीनंतर पुन्हा लोकांसमोर आले, आणि त्यातील कोकऱ्याचे तोंड पाहून जगभर हशा पिकला. चित्रातील कोकरा साधा नव्हे. जगाचे पाप हरण करणारा म्हणून संत योहानाने ज्याच्याकडे बोट दाखविले, तो हा देवाचा कोकरा. वेदीवर उभा, छातीतून रक्ताची धार प्याल्यात पडत असलेला. शतकानुशतके भाविकांनी त्याला मेंढराच्या सौम्य, उदासीन मुद्रेत पाहिले होते. आता तोच कोकरा माणसासारखे डोळे समोर रोखून पाहणाऱ्याकडे पाहू लागला. तज्ज्ञांनी चित्र बिघडविले, असा अनेकांचा समज झाला. वस्तुतः ते मुख नवे नव्हते. सर्वांत जुने तेच होते. हा उलगडा कसा झाला, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

हे वेदीचित्र १४३२ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या चौकटीवरील लॅटिन लेखानुसार ह्यूबर्ट व्हान आयक या चित्रकाराने ते आरंभिले आणि त्याचा बंधू यान याने योस व्हेइट या गृहस्थाच्या खर्चाने ते सिद्धीस नेले. ह्यूबर्ट १४२६ मध्येच वारला होता. ओकच्या बारा फळ्या, त्यांतील आठ दाराप्रमाणे मिटणाऱ्या व दोन्ही अंगांनी रंगविलेल्या. सर्व दारे उघडली म्हणजे सुमारे साडेतीन मीटर उंच व साडेचार मीटर रुंद असा विस्तार. या चित्राच्या नशिबी वनवासही फार आला. १५६६ मध्ये मूर्तिभंजकांच्या भयाने ते कॅथेड्रलच्या मनोऱ्यात दडविले गेले. १७९४ मध्ये फ्रेंच सैन्याने मधल्या फळ्या पॅरिसला नेल्या. १८१६ मध्ये बाजूची बहुतेक दारे विकली गेली व पुढे बर्लिनला पोहोचली. १९३४ मध्ये एक फळी चोरीस गेली, ती आजतागायत सापडलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी चित्र ऑस्ट्रियातील मिठाच्या खाणीत नेऊन ठेवले. १९४५ मध्ये ते परत आले.

यान व्हान आयकविषयी एक आख्यायिका फार काळ प्रचलित होती. तैलरंगाचा शोध त्यानेच लावला, असे इटलीच्या व्हासारीने १५५० मध्ये लिहिले, आणि पुढील लेखकांनी ते प्रमाण मानले. परंतु बाराव्या शतकात थिओफिलस नावाच्या संन्याशाने जवसाच्या तेलात रंग घोटण्याची कृती लिहून ठेवली होती. २००८ मध्ये तर अफगाणिस्तानातील बामियानच्या गुहांत सातव्या शतकाच्या सुमारास काढलेल्या भित्तिचित्रांतही तेल सापडल्याचे जाहीर झाले. तेव्हा शोधाचे श्रेय यानकडून गेले. मग त्याचे निराळेपण कशात होते? त्याचे उत्तर ग्रंथांत मिळण्यासारखे नव्हते. ते खुद्द चित्राच्या अंगातच दडले होते.

ते शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९५० व १९५१ या वर्षांत ब्रुसेल्सच्या प्रयोगशाळेत पॉल कोरेमान्स यांच्या नेतृत्वाखाली झाला. रंगाचा टाचणीच्या टोकाएवढा कण घेऊन, तो राळेत बसवून, त्याचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की जमिनीचे थर दिसावेत तसे चित्राचे थर दिसतात. सर्वांत खाली लाकूड. त्यावर खडू व सरस यांचे पांढरे, घोटून गुळगुळीत केलेले अस्तर. त्यावर काळ्या रेषांचे रेखाटन. मग तेलाचा पातळ थर, आणि त्यावर एकावर एक चढविलेले रंग. खालचे रंग झाकणारे, वरचे काचेसारखे पारदर्शक. प्रकाश वरच्या थरांतून आत शिरतो, खालच्या पांढऱ्या थरावरून परततो, आणि म्हणूनच यानची तांबडी वस्त्रे आतून उजळल्यासारखी भासतात. त्याचे श्रेष्ठत्व कोणत्याही गुप्त मसाल्यात नव्हते. ते थरांच्या क्रमात आणि प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबण्याच्या धीरात होते.

रंगांची कुळेही उमगली. पांढरा म्हणजे शिशापासून केलेला सफेदा, तांबडा म्हणजे हिंगूळ, हिरवा तांब्यापासून केलेला जंगाल. बहुमोल निळा हा लाजवर्द दगडाचा. तो अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून यावयाचा. आपल्या अजिंठ्याच्या भिंतींवरही लाजवर्दी निळा आढळला आहे. शिसे व कथील यांपासून होणाऱ्या एका पिवळ्या रंगाची हकीकत तर विलक्षण आहे. अठराव्या शतकानंतर चित्रकार तो पार विसरून गेले, आणि १९४१ मध्ये जर्मनीतील रिखार्ड याकोबी यांनी जुन्या चित्रांच्या पृथक्करणातून तो पुन्हा ओळखला.

रंगाखालच्या रेखाटनाचा वेध घेण्यास मात्र निराळी दृष्टी हवी होती. अवरक्त किरण पुष्कळशा रंगांतून पार जातात. काजळीची काळी रेघ मात्र ते शोषून घेते. या गुणाचा उपयोग करून डच शास्त्रज्ञ व्हान आस्पेरेन द बूर यांनी १९६० नंतरच्या दशकात नवी पद्धत सिद्ध केली आणि पुढे तिनेच गेंटच्या फळ्या तपासल्या. अशा तपासणीने चित्रकाराचे मनच उघडे होते. लंडनमधील राष्ट्रीय चित्रसंग्रहात यानचे आर्नोल्फिनी दांपत्याचे १४३४ चे चित्र आहे. त्यात पुरुषाचा उंचावलेला हात व पावले यांची जागा रंगविताना बदलली असल्याचे दिसून आले. पायाशी असलेल्या कुत्र्याचे तर खाली रेखाटनच नाही. म्हणजे तो मागाहून सुचला. ड्रेस्डेन येथे एका वृद्ध धर्मगुरूची यानने रुपेरी लेखणीने काढलेली आकृती आहे. कार्डिनल अल्बेर्गाती यांची म्हणून ती ओळखली जाते. तिच्या कडेला नाक, ओठ, दाढीचे खुंट यांच्या रंगछटांची टिपणे खुद्द चित्रकाराने आपल्या बोलीत लिहिली आहेत. ही आकृती समोर ठेवून रंगविलेले चित्र आज व्हिएन्नात आहे. अशा पूर्वतयारीवर त्या सिद्धहस्ताची सारी भिस्त होती.

आता पुन्हा कोकऱ्याकडे वळू. १९५१ च्या सफाईत एक चमत्कारिक गोष्ट घडली. डोक्याभोवतालचा काही रंग काढताच आणखी दोन कान दिसू लागले, आणि कित्येक वर्षे तो कोकरा चार कानांचा राहिला. खाली दुसरे डोके आहे, याची ती खूणच होती. २०१२ मध्ये बेल्जियमच्या राजकीय संस्थेने गेंटच्या संग्रहालयात, काचेच्या भिंतीआड, लोकांच्या देखत काम सुरू केले. तेव्हा असे आढळले, की मिटलेल्या दारांचा सुमारे सत्तर टक्के भाग मागाहून दिलेल्या रंगाखाली गेला होता. कोकऱ्याचे डोके सोळाव्या शतकाच्या मध्यास कोणीतरी नव्याने रंगविले होते. क्ष-किरणांच्या साहाय्याने मूलद्रव्यांचे नकाशे काढले, तेव्हा झाकलेले डोळे, नाकपुड्या, ओठ आणि किंचित खोलगट पाठीची रेषा स्पष्ट झाली.

आणि येथेच खरा पेच उभा राहिला. यंत्र खाली काय आहे ते सांगते. वरचे काढावे की ठेवावे, हे ते सांगत नाही. वरचे रंगही साडेचारशे वर्षांचे होते. किती पिढ्यांनी त्याच मुखासमोर गुडघे टेकले असतील! त्या जुन्या हाताचे काम पुसण्याचा अधिकार कोणाचा? तज्ज्ञांच्या समितीने दीर्घ विचार केला. खालचा मूळ रंग बव्हंशी शाबूत असल्याचे प्रमाण मिळाले, तेव्हाच सूक्ष्मदर्शकाखाली, द्रावकांनी व शस्त्रवैद्याच्या सुरीने, तो थर तिळातिळाने उतरविण्यात आला. मूळ रंग जर झडलेला असता, तर तो थर उतरविण्यास कोणी धजावले नसते.

ज्याने तो जुना रंग चढविला, त्यालाही बहुधा ती टक लावलेली दृष्टी सहन झाली नसावी, असे म्हणावेसे वाटते. त्याने देवाच्या कोकऱ्याला सौम्य मेंढरू केले. व्हान आयकच्या कोकऱ्याला मात्र आपण बळी जात आहोत याची पुरती जाणीव आहे, आणि तो पाहणाऱ्याची नजर चुकवीत नाही. यानच्या पदरची एक आख्यायिका प्रयोगशाळेने हिरावून घेतली हे खरे; पण तिच्या मोबदल्यात त्याने रंगविलेली ही दृष्टी तिने जगाला परत दिली. पहिले हसू ओसरल्यावर जे पुन्हा त्या वेदीसमोर उभे राहतात, त्यांना या देवघेवीचे मोल कळल्यावाचून राहत नाही.