टायमिंग कुणाच्या हातात?

भागाच्या सुरुवातीला जो आवाज ऐकलात, तो चढावर जोर लावणाऱ्या एका जुन्या इंजिनाचा आहे. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी आतून कडकड येते ना? मेकॅनिक त्याला म्हणतात, 'गाडी नॉक करतेय'. आजचा भाग या आवाजाच्या इतिहासाचा.

हा आवाज मी लहानपणी आटगावात ऐकला. कसारा लाइनवर आसनगावनंतरचं स्टेशन. मुंबई-आग्रा रोड इथूनच पुढे खर्डी, मग कसारा घाट असा जातो. या रोडला माझ्या काकांचं छोटं गॅरेज होतं. नव्वदच्या दशकात मुंबईहून नाशिकला निघालेली फियाट कुरकुरायला लागली, की लोक घाटाआधीच थांबायचे. बॉनेट उघडण्याआधी काका विचारायचे, "चढावर आवाज करते, का पाणी उकळतं?" निम्मं निदान तिथेच व्हायचं.

कसं ते सांगते. पेट्रोल इंजिनात पिस्टन वर येऊन पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो आणि प्लगमधून ठिणगी पडते. पण मिश्रण जळायला वेळ लागतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर सेकंदाच्या हजाराव्या भागात त्याचा दांडा १८ अंश फिरलेला असतो. म्हणून पिस्टन पूर्ण वर पोचायच्या थोडं आधीच ठिणगी पडावी लागते. हे 'थोडं आधी' म्हणजे टायमिंग. फार आधी पडली तर गाडी नॉक करते, फार चालली तर पिस्टनही फुटतो. उशिरा पडली तर पिकअप जातो, इंजिन तापतं आणि घाटात रेडिएटर उकळतो.

अगदी सुरुवातीच्या मोटारींत हे काम ड्रायव्हरच करायचा. स्टिअरिंगजवळ एक छोटी दांडी असायची, चढ आला की ती मागे ओढायची. पुढे डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरणारी वजनं आली. वेग वाढला की ती बाहेर सरकतात आणि ठिणगी आपोआप लवकर पडते. पण सुरुवातीचा अंश कुणीतरी हाताने लावावाच लागायचा. ड्रायव्हरच्या हातातलं टायमिंग असं मेकॅनिकच्या हातात आलं.

आमच्याकडे ते काकांच्या हातात होतं. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट म्हणजे नंतरची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसीचं इंजिन. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली. काका आधी पॉइंटचा गॅप बघायचे, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. मग गाडी टॉप गिअरला टाकून मला सांगायचे, "हळू ढकल गं." मी ढकलायचे. पुढच्या पुलीवरची खूण जागेवर आली की, "बस!" मग बल्बची एक वायर कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टोकाला, दुसरी बॉडीला. स्विच ऑन करून डिस्ट्रिब्युटर केसभर केसभर फिरवायचा. पॉइंट उघडला की बल्ब पेटतो, आणि ठिणगीही त्याच क्षणी पडते. तिथे नट आवळायचा. शेवटी रोडवर चढाला टॉप गिअरमध्येच ॲक्सिलरेटर दाबून ऐकायचं. आवाज आलाच, तर टायमिंग किंचित मागे. बल्बने लावलेलं टायमिंग कानाने पक्कं व्हायचं.

आता याच आवाजाची दुसरी बाजू. १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरीवर चालणारी इग्निशन आणली. गाड्या नॉक करायला लागल्या तेव्हा लोकांनी खापर त्या इग्निशनवर फोडलं. केटरिंगना ते पटलं नाही. त्यांचा सहकारी थॉमस मिडग्ली खरं कारण शोधू लागला. दोष पेट्रोलचा निघाला. १९२१ मध्ये त्याला उपाय सापडला: पेट्रोलमध्ये शिशाचं एक रसायन चिमूटभर घाला, नॉकिंग थांबतं. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. १९२४ मध्ये न्यू जर्सीत हे रसायन बनवताना पाच कामगार मेले. तरीही ते पेट्रोल जगभर विकलं गेलं, आणि आपल्या रोडवरच्या पंपांवरही आलं.

इथे मला थांबावं लागतं. काका कार्ब्युरेटर पेट्रोलने धुवायचे. ग्रीसचे हात पेट्रोलनेच धुवायचे. टाकीतून पेट्रोल काढायला नळी तोंडाने ओढायचे आणि थुंकायचे. मी शेजारी वाटी धरून उभी. त्या पेट्रोलमध्ये काय आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

भारतात शिशाचं पेट्रोल २००० मध्ये बंद झालं. जगात सगळ्यात शेवटी अल्जीरियाने ते २०२१ मध्ये बंद केलं. २००० मध्येच प्रदूषणाचे कडक नियम आले, आणि पद्मिनीचं उत्पादनही त्याच सुमारास थांबलं. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर आला. इंजिनवरचा एक सेन्सर नॉकिंग ऐकतो आणि टायमिंग स्वतःच मागे घेतो. काकांचा कान आता त्या सेन्सरमध्ये आहे. पेट्रोल कमी लागतं, धूर कमी होतो. वाईट काहीच नाही. फक्त हायवेला थांबून "जरा टायमिंग बघा" म्हणणारं गिऱ्हाईक संपलं. काकांनी गॅरेज बंद करून पंक्चरचं दुकान टाकलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. ती बातमी मी काकांना मोबाईलवर दाखवली. ते म्हणाले, "चांगली गाडी. ऐकलं तर सगळं सांगायची." मग मी त्यांना शिशाबद्दल सांगितलं. बराच वेळ ते आपल्या हातांकडे बघत राहिले. म्हणाले, "गाडी बोलायची पोरी. पेट्रोल नाही बोललं."

तुमच्या घरात, गावात असं हाताने काम केलेलं कुणी असेल, तर त्यांच्याशी बोला. आणि त्या कामात ते काय काय हाताळायचे, तेही विचारा. भेटू पुढच्या भागात.