गोदाकाठचे भांडवल

बासरचे नाव निघाले की ज्ञानसरस्वतीचे देवालय आणि अक्षराभ्यासासाठी मुलांना घेऊन आलेले आईबाप डोळ्यांपुढे उभे राहतात. सरस्वतीच्या शेजारी तेथे लक्ष्मीचीही मूर्ती आहे, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानी राहते. हे गाव 1956 पर्यंत नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते आदिलाबादेत गेले आणि 2016 पासून निर्मल जिल्ह्यात मोडते. त्याच्या आसपासच्या मुलखात निजामी राजवटीच्या अखेरच्या वीस वर्षांत लक्ष्मीच्या उपासनेचा एक मोठा प्रयोग झाला. राज्याचा पैसा कोणत्या धंद्यात घालावा, हा त्या प्रयोगाचा प्रश्न होता.

आजच्या गुंतवणूक-पेढीत उमेदवारी करणाऱ्या तरुणालाही हाच प्रश्न पडतो. खाणींच्या शाखेत जावे, औषधांच्या की वाहतुकीच्या? एकदा शाखा पत्करली की त्या धंद्याचा कच्चा माल, जकात आणि बाजारपेठ यांतच त्याचे आयुष्य मुरते. हैदराबाद संस्थानाला मात्र असा निर्णय स्वतःच घ्यावा लागला, कारण असे भांडवल उभारून देणारी पेढीच तेथे नव्हती. मुंबईत 1917 साली टाटांनी औद्योगिक बँक काढली होती. पण 1923 साली तीही सेंट्रल बँकेत विलीन झाली. लंडनचा अनुभव तर त्याहून कडू होता. संस्थानातील खनिजांचा मक्ता घेऊन 1886 साली तेथे कंपनी निघाली आणि तिच्या भागांच्या विक्रीत मध्यस्थांनी असा हात मारला की 1888 साली ब्रिटिश पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली.

सर अकबर हैदरी अर्थखाते सांभाळीत असताना, 1929 साली, एक कोटी रुपयांचा औद्योगिक न्यासनिधी स्थापन झाला. उद्योगांचे भाग घ्यावे, त्यांना कर्ज द्यावे, असे त्याचे काम. म्हणजे नाव निधीचे, पण कर्म पेढीचेच.

यांतील सर्वांत विचारपूर्वक निवड साखरेची होय. मांजरा नदी बासरच्या थोडी वर, कंदकुर्ती येथे, गोदावरीस मिळते. या मांजरेवर 1923 ते 1931 या काळात निजामसागर बांधला गेला. पाणी आले, ऊस होऊ लागला. आणि 1932 साली हिंदुस्थान सरकारने परदेशी साखरेविरुद्ध देशी कारखान्यांना संरक्षण दिले. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग जवळून जातच होता. पाणी, जकात आणि वाहतूक अशी तिन्ही अंगे जुळल्यावर 1937 साली बोधनला निजाम साखर कारखाना उभा राहिला. धरण आधी आणि कारखाना मागाहून, हा क्रम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. पुष्कळ ठिकाणी तो उलटा होतो आणि मग यंत्रे उसाची वाट पाहत बसतात.

कापडाची निवड त्यामानाने सोपी होती. मराठवाड्याचा कापूस दारातच होता. नांदेडची उस्मानशाही गिरणी आणि 1934 साली वरंगळला निघालेली आझमजाही गिरणी यांत राज्याचे भांडवल होते. परंतु मुंबई-सोलापूरच्या मुरलेल्या गिरण्यांशी स्पर्धा हा या धंद्याचा जन्मजात रोग होता.

कागदाचे गणित वेगळे. आदिलाबादेतील बांबूची बने आणि सिंगरेणीचा कोळसा यांच्या भरवशावर 1938 साली सिरपूर पेपर मिल्सची स्थापना झाली आणि 1942 साली कागद निघू लागला. त्या वस्तीचे नावच कागजनगर पडले. हिशेबाच्या वहीत बांबूचा भाव होता, पण त्या रानात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या गोंडांचा हक्क कोणत्या रकान्यात लिहावयाचा, हे कोणी ठरविले नव्हते. जल, जंगल आणि जमीन यांसाठी उठलेला कोमरम भीम त्याच जिल्ह्यात, जोडेघाट येथे, 1940 साली पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. गिरणी आणि ते बंड यांचा थेट संबंध जोडणे अन्यायाचे होईल. पण दोन्ही एकाच रानात आणि एकाच दशकात घडली, हे विसरता येत नाही.

संस्थान 1948 साली गेले, 1956 साली त्याचे तीन तुकडे झाले. कापसाचे नांदेड मुंबई राज्यात आले. ऊस आणि बांबू आंध्र प्रदेशात राहिले. आझमजाही गिरणी पुढे बंद पडली. कागजनगरची गिरणी 2014 साली थांबली आणि नव्या मालकाच्या हाती 2018 साली पुन्हा सुरू झाली. बोधनचा कारखाना, ज्याची गणना एके काळी आशियातील मोठ्या साखर कारखान्यांत होत असे, खाजगी भागीदाराकडे गेल्यानंतर 2015 साली बंद झाला, आणि निजामसागराच्या पाण्यावर ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला दुसरे पीक शोधावे लागले.