टांकसाळ, ताडपत्र आणि पियदसी

सम्राट अशोकाचा शोध इतिहासकारांनी लावला, असे आपण सहज म्हणून जातो. ते पूर्णांशाने खरे नाही. जेम्स प्रिन्सेप हा कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंचा कस पाहणारा अधिकारी होता. जुन्या नाण्यांवरील अक्षरे न्याहाळता न्याहाळता तो शिलालेखांकडे वळला. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरील त्रोटक लेखांपैकी पुष्कळांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो, हे त्याच्या ध्यानी आले. इतके सारे लेख म्हणजे राजाज्ञा नव्हेत, ही भाविकांची दाने असावीत, असे त्याने ताडले आणि ती अक्षरे ‘दानं’ अशी वाचली. १८३७ साली ब्राह्मी लिपी उलगडली ती अशी. राजाच्या लेखांची किल्ली भिक्खुणी, उपासक व कारागीर यांच्या दानलेखांत सापडली, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

लिपी वाचता आली, तरी स्तंभांवरील ‘देवानंपिय पियदसी’ कोण, हे कळेना. पुराणांच्या राजवंशावळीत अशोक हे एक नाव आहे. त्याचा धम्म तेथे नाही. हा सिंहलचा राजा देवानंपिय तिस्स असावा, असा प्रिन्सेपचा पहिला तर्क होता. तो चुकला, पण उत्तर सिंहलद्वीपातूनच आले. तेथील मुलकी सेवेत असलेला जॉर्ज टर्नर पाली वंसग्रंथांचा अभ्यास करीत होता. चंद्रगुप्ताचा नातू अशोक यालाच दीपवंसात पियदस्सी म्हटले आहे, हे त्याने त्याच वर्षी दाखवून दिले. भारताने जे गमावले, ते सिंहली भिक्खुसंघाने ताडपत्रांवर जपले होते. एकटे नाणेशास्त्र अथवा एकटी पाली येथवर पोचली नसती. पुढे १९१५ साली मस्की येथे प्रत्यक्ष अशोकाचे नाव असलेला लेख मिळाला, तोही सोन्याच्या खाणीच्या एका अभियंत्यास!

बाबासाहेब अर्थशास्त्र व कायदा यांत पारंगत असूनही पाली शब्दकोश रचीत बसले, याचे आम्हांस म्हणूनच नवल वाटत नाही. नवल वाटते ते आमचेच. आमच्या पालीच्या वर्गात सुत्ते मुखोद्गत होतात, परंतु लेणी ही पुरातत्त्ववाल्यांची बाब म्हणून आम्ही सोडून दिली. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार घडविणाऱ्या धेनुकाकटाच्या सामी नामक सुताराचा लेख तेथे कोरलेला आहे. त्या दारातून आम्ही कितीदा आत गेलो. लेख मात्र अद्याप दुसऱ्याकडून वाचून घेतो.