जुनी डस्टर घेण्याआधी तिचा इतिहास

सध्या मी सेकंडहँड डस्टर एडब्ल्यूडी शोधतोय. बाबा विचारतात, "अरे, नवी का नाही?" त्याचं उत्तर इतिहासात आहे.

आपल्याकडे फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे १९८५ ची मारुती जिप्सी. वेगळी चॅसी, हाताने टाकायचा लिव्हर. चिखलात मस्त, पण कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून वळलात की पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडणार. १९९४ मध्ये टोयोटाच्या रॅव्ह-फोरने कारसारख्या बॉडीलाच चारही चाकांची ताकद दिली. भारतात रेनॉची डस्टर २०१२ ला आली, २०१४ ला तिचं एडब्ल्यूडी मॉडेल. ऑटो मोडमध्ये पुढची चाकं घसरली की क्लच आपोआप मागे ताकद पाठवतो.

मग एप्रिल २०२० ला बीएस-सिक्स नियम आले. रेनॉने डिझेल इंजिन बंद केलं. एडब्ल्यूडी फक्त डिझेललाच होतं, तेही गेलं. म्हणून आता जुन्या बाजारातच शोधायची.

हाच इतिहास गाडी तपासताना कामी येतो. खाली वाकून मागचा डिफरन्शियल आहे का बघा. नुसत्या स्टिकरवर जाऊ नका. चारही टायर सारखेच झिजलेले हवेत, नाहीतर चाकांचा वेग जुळत नाही आणि क्लचवर उगाच ताण येतो. रविवारी एक चकाचक गाडी बघितली. पुढचे टायर कोरे, मागचे गुळगुळीत. मन मारून परत आलो.

आणि हो, २०१४ च्या गाडीचं रजिस्ट्रेशन २०२९ पर्यंतच. भाव करताना हे विसरू नका!